मानमोडीची लस आणि एक लाल डोळा

उजवा डोळा लाल, खुपतोय, पाणी गळतंय; डावा मात्र स्वच्छ. रुग्ण तिशीतला, नाशिककडच्या ब्रॉयलर शेडवर कामाला.

"घरी कुणाचे डोळे आलेत का?"

"नाही सर."

साथीचे डोळे, म्हणजे अडिनोव्हायरसचे, बहुधा दोन-चार दिवसांत दुसऱ्या डोळ्यात उतरतात आणि घरभर फिरतात. इथे तसं नव्हतं. खालची पापणी ओढली तर साबुदाण्यासारखे दाणे, पू नाही. कानापुढची गाठ दाबली की दुखत होती. विषाणूचंच काम.

एकाच डोळ्याला धरणारा विषाणू म्हटलं की आधी हर्पीस वगळायचा. कुठलाही थेंब घालण्यापूर्वी कापसाचं टोक बुबुळाला लावलं. हर्पीसमध्ये तिथला स्पर्श कमी कळतो; इथे दोन्हीकडे सारखाच कळत होता. मग फ्लुओरेसीन या रंगाची पट्टी लावून निळ्या प्रकाशात पाहिलं. हर्पीसची फांद्या फुटलेली जखम नव्हती.

"परवा शेडवर काय काम केलं?"

"लस केली, मानमोडीची. लासोटा."

लासोटा लशीत राणीखेतचा, म्हणजे कोंबड्यांच्या मानमोडी रोगाचा, जिवंत विषाणू असतो, कोंबडीपुरता सौम्य असलेला. हजार डोसांची पावडर साधारण 30 मिली द्रवात विरघळवून प्रत्येक पिल्लाच्या डोळ्यात एक थेंब, सुमारे 0.03 मिली. पिल्लू मान झटकतं, थेंब उडतो आणि त्याच हाताने आपण घाम पुसतो. याचं मात्र कुपीपाशीच बिनसलं. कुपीत निर्वात पोकळी असते, सुई टोचली की द्रव आपोआप ओढला जातो. त्यावर यानं आणखी दाबून भरलं. सुई काढताच फवारा थेट डोळ्यात.

माणसाच्या डोळ्यात हा विषाणू 1943 मध्येच ऑस्ट्रेलियात बर्नेट यांनी नोंदवला. एक-दोन दिवसांत डोळा लाल होतो, आठवडाभरात आपोआप निवळतो. थंड पट्ट्या आणि कृत्रिम अश्रू पुरतात. त्याच्या खिशात मेडिकलवाल्याने दिलेली स्टेरॉइडची बाटली होती, ती बंद केली. हर्पीस असता तर त्याच बाटलीनं बुबुळावरची जखम पसरवली असती.

"शेडवर मरतूक वाढलीय का?" हा प्रश्न मी कधीच सोडत नाही. बर्ड फ्लूही डोळ्यातूनच सुरू होऊ शकतो: 2003 मध्ये नेदरलँड्समध्ये त्याच्या एच7एन7 या प्रकाराची लागण झालेल्या 89 जणांपैकी 78 जणांचे डोळे आले होते आणि एक पशुवैद्य दगावला. मरतूक असती तर डोळ्याचा आणि घशाचा स्वॅब घेऊन आरोग्य विभागाला त्याच दिवशी कळवलं असतं. इथे पिल्लं ठणठणीत होती. ताप-खोकलाही नव्हता.

"पोरांना लागेल का?"

राणीखेत माणसाकडून माणसाला लागल्याची नोंद नाही. तरीही टॉवेल वेगळा ठेवायला सांगितला, कारण अडिनो पहिल्या दोन दिवसांत असाच दिसतो.