रिपोर्ट येईपर्यंत गोळी नाही!

आई राहते त्या शुश्रूषा केंद्रातली फ्लूची साथ ओसरली, पण 'रिपोर्ट येऊ द्या' हे वाक्य आठवलं की अजून डोकं तापतं.

शेजारच्या खाटेवरच्या आजी तापाने फणफणल्या होत्या. आईला मात्र ताप नव्हताच. ताट तसंच पडून होतं, मला तिने मावशीच्या नावाने हाक मारली आणि उठताना तोल गेला. म्हातारपणी फ्लू बरेचदा असाच येतो. माणूस नेहमीसारखं वागत नाहीसं दिसलं की लगेच बोला, थर्मामीटरवर विसंबू नका.

सिस्टरनी स्वॅब घेतला. रॅपिड टेस्ट निगेटिव्ह! आणि तिथेच सगळं अडलं. फ्लूची गोळी (ऑसेल्टामिविर) सुरू करा म्हटलं तर सिस्टर म्हणाल्या, डॉक्टरांची सही हवी. डॉक्टर फोनवर म्हणाले, आधी पीसीआर, म्हणजे लॅबमधली जास्त खात्रीची टेस्ट, होऊ दे. लॅबवाले म्हणाले, रिपोर्ट केंद्रालाच मेल करू. केंद्राच्या ऑफिसात मेल बघणारे घरी गेलेले. पाळी बदलली की नव्या सिस्टरना सगळं पहिल्यापासून सांगायचं. ऑसेल्टामिविरचा सगळ्यात जास्त उपयोग लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर होतो. रॅपिड टेस्टमधून खरे रुग्णही निसटतात. म्हणूनच साथ चालू असताना वयस्कर माणसाला संशयावरूनच औषध सुरू करावं, रिपोर्टसाठी थांबू नये, असं मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. हे मी प्रत्येकाला सांगत होते आणि प्रत्येक जण मान डोलावून पुढच्याकडे बोट दाखवत होता. त्या व्हरांड्यात मला रडू फुटायचं बाकी होतं.

शेवटी डॉक्टरांना थेट विचारलं, नक्की अडचण काय? तेव्हा कळलं, त्यांना काळजी किडनीची होती. किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. आईचा अलीकडचा क्रिएटिनीनचा (किडनी कशी चालते ते दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट माझ्या मोबाइलमध्ये होता. तो पाठवला, डोस ठरला, त्याच रात्री पहिली गोळी पोटात गेली. मी भिंतीला टेकून कितीतरी वेळ नुसती उभी राहिले. पीसीआर नंतर पॉझिटिव्हच आली. तोवर आई भात मागायला लागली होती.

तर क्रिएटिनीनचा रिपोर्ट कायम जवळ ठेवा. औषधाची संमती फ्लूच्या हंगामाआधीच फाइलला लावून घ्या.

लशीचं राहिलंच. परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे साथ येण्याआधी घ्यायची. ६५ वर्षांपुढच्यांसाठी चौपट अँटिजेन (प्रतिकारशक्ती जागवणारा लशीतला घटक) असलेली हाय-डोस लस मिळत असेल तर तिची चौकशी करा. कर्मचाऱ्यांनी घेतली का, हेही न लाजता विचारा, कारण एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे तेच जातात.

आणि हो, साथ जाहीर झाली की आजारी नसलेल्यांनाही याच गोळीचा प्रतिबंधक डोस देतात: किमान दोन आठवडे, आणि शेवटचा रुग्ण सापडल्यावर पुढे आठवडाभर. आमच्याकडे तोही मागावा लागला. पलीकडच्या खोलीतल्या आजोबांचं विचारायला कोणी नव्हतं, म्हणून त्यांचं नाव मीच सिस्टरना लिहून दिलं.