काम आहे, पण घ्यायचे नाही

पश्चिम लंडनमध्ये कार्पेट आणि सोफे धुऊन देणाऱ्या एका छोट्या व्यवसायाचे हिशेब मी ठेवतो. मालक, एक पूर्णवेळ कामगार आणि एक व्हॅन एवढाच त्याचा पसारा आहे. गेल्या महिन्यात मालकांनी बजावले की, तूर्त नवीन काम घेऊ नका, लोकांना पुढच्या तारखा द्या. माझ्या आजोबांचे साताऱ्यात किराणा दुकान होते आणि दाराशी आलेले गिऱ्हाईक परत पाठवणे आमच्या घरी पाप मानले जाई, त्यामुळे हा हुकूम पचायला जड गेला.

कारण व्हॅटचे आहे. सलग बारा महिन्यांची उलाढाल ९०,००० पौंडांच्या वर गेली की नोंदणी सक्तीची होते आणि बिलावर २० टक्के कर लागतो. आपल्याकडे सेवांसाठी जीएसटीची मर्यादा २० लाख रुपये आहे, इथली कोटीच्या घरात जाते. तेव्हा सरकार उदारच म्हणायचे. मात्र या धंद्यात ती रेषा ओलांडणे का परवडत नाही, हे खर्चाची वही उघडल्याशिवाय कळत नाही.

सर्वांत मोठा खर्च पगाराचा. एप्रिल २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झाले, म्हणजे आठवड्याला साडेसदतीस तास धरले तर वर्षाला सुमारे २३,८०० पौंड. त्याच महिन्यात कामगाराच्या पगारावर मालकाने सरकारला भरायचा राष्ट्रीय विमा (सामाजिक सुरक्षेची वर्गणी) १३.८ वरून १५ टक्क्यांवर गेला, पण वर्षाला १०,५०० पौंडांची सूट असल्याने आमच्यासारख्यांना त्याची झळ बसली नाही. व्हॅनचा हप्ता मात्र चुकत नाही, कारण ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या लंडनमध्ये जुन्या डिझेल गाडीला रोज १२.५० पौंड प्रदूषण शुल्क पडते, म्हणून नवी घ्यावी लागली.

पुण्यात आमच्या घरी सोफा धुवायला येणारे दोघे तरुण स्कूटरवर यंत्र बांधून येतात आणि काम इतकेच चोख करतात. त्यांच्यापैकी कोणाची पाठ धरली, तर तो खर्च त्याच्या घरचाच. इथे जिन्यावरून यंत्र चढवताना कामगाराला इजा झाली तर भरपाई देता यावी, यासाठी मालकाने किमान ५० लाख पौंडांचा विमा उतरवावाच लागतो. नसेल तर दिवसाला २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. मी इथे राहिलो त्याचे समर्थन म्हणून हे लिहीत नाही, पण आमचे दर ऐकून हसणाऱ्या नातेवाइकांनी हा रकानाही वाचावा.

आता अडचण अशी की, नोंदणी केल्यावर खरेदीवर भरलेला व्हॅट परत मिळतो, पण पगारावर आणि विम्यावर व्हॅट नसतोच, मग परत मिळणार काय? डिझेल, दुरुस्ती आणि रसायनांवरचा किरकोळ कर तेवढा मिळेल. आज १२० पौंडांना होणारे काम एकतर १४४ पौंडांना विकायचे, नाहीतर त्यातले १०० पौंडच आपले मानायचे. लहान धंद्यांसाठी सरसकट दराची सोपी योजना आहे खरी, पण ज्यांचा वस्तूंवरचा खर्च उलाढालीच्या २ टक्क्यांहून कमी, त्यांना तिच्यात करासह एकूण बिलाच्या १६.५ टक्के भरावे लागतात, आणि आमची रसायने त्या २ टक्क्यांतच संपतात. ९०,००० पौंडांवर कर चढवून १,०८,००० पौंडांची बिले केली, तर खरेदीवरचा किरकोळ परतावा सोडला तर नेहमीच्या हिशेबाने १८,००० पौंड जातात आणि सवलतीच्या योजनेत १७,८२०. एवढी सवलत देण्यासाठी फॉर्म तरी कशाला छापावा!

दर वाढवून नोंदणी करून टाकावी, असे मी मालकांना सुचवले. मर्यादेखाली राहून एकटाच काम करणारा माणूस शेजारच्या गल्लीत १२० पौंडांत सोफा धुतो, आपल्याला १४४ कोण देईल, असे त्यांचे म्हणणे आहे. घरगुती गिऱ्हाइकाला हा कर परत मिळत नाही, नोंदणीकृत कंपनीला मिळतो. म्हणून आता मी कार्यालयांसाठी दरपत्रके तयार करतो आहे. ती कामे रात्रीची असतात, आणि कामगाराने रात्रीसाठी जादा दर मागितला आहे.