अ‍ॅझ्युर स्टोरेज आणि टीएलएस १.२: जुनं कनेक्शन लपतं कुठे

अ‍ॅझ्युर स्टोरेज ही मायक्रोसॉफ्टची क्लाउडवर डेटा ठेवण्याची सेवा, आणि टीएलएस म्हणजे तिच्याशी होणारं कनेक्शन एन्क्रिप्ट करणारा प्रोटोकॉल. या सेवेवर टीएलएस १.० आणि १.१ बंद होण्याची ठरलेली तारीख ३ फेब्रुवारी २०२६. ही मुदत याआधी पुढे गेलेली आहे, पण पुन्हा जाईल या भरवशावर कुणी राहू नये. टीएलएस १.० हे १९९९चं, १.१ हे २००६चं. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने मार्च २०२१ मध्ये आरएफसी ८९९६ हा दस्तऐवज काढून दोन्ही निकालात काढली. त्यांच्या जागी यायचं ते १.२ सुद्धा २००८चं आहे. इतक्या वर्षांनंतरही एखादं अ‍ॅप्लिकेशन १.० वर बोलत असेल, तर त्यामागे बहुतेक वेळा कुणाचा निर्णय नसतो. कुठेतरी जुना डिफॉल्ट तसाच राहून गेलेला असतो. खरं काम तो शोधण्याचं आहे.

पोर्टलवर स्टोरेज अकाउंटची 'किमान टीएलएस आवृत्ती' १.२ केली की झालं, असा समज अनेक टीममध्ये दिसतो. ही सेटिंग फक्त दार लावते, बाहेरच्या क्लायंटमध्ये, म्हणजे स्टोरेजला जोडणाऱ्या प्रोग्राममध्ये, काहीही सुधारत नाही. जुना क्लायंट तसाच येतो आणि या टीएलएस आवृत्तीला परवानगी नाही असा ४०० एरर घेऊन परत जातो. शिवाय ती अख्ख्या अकाउंटला लागते, आतल्या एकट्या कंटेनरला (फोल्डरसारख्या कप्प्याला) लावता येत नाही. एकाच अकाउंटवर वेबसाइट, रात्रीचा रिपोर्ट जॉब आणि बॅकअप स्क्रिप्ट असतील तर तिघांची तयारी आधी व्हायला हवी.

म्हणून सुरुवात लॉगपासून करा. लॉग सुरू करणारी डायग्नोस्टिक सेटिंग ब्लॉब (फाइलसारखा डेटा), क्यू (संदेशांची रांग), टेबल आणि फाइल या स्टोरेजच्या चारही सेवांना वेगवेगळी लावावी लागते. एकट्या ब्लॉबला लावली आणि क्यू वाचणारा जुना वर्कर दिसलाच नाही, असं सहज होतं. वाचन, लेखन आणि डिलीट या तिन्ही नोंदी लॉग साठवून शोधण्याच्या सेवेकडे, म्हणजे लॉग अ‍ॅनालिटिक्सकडे पाठवा. मग ब्लॉबच्या लॉग टेबलमध्ये टीएलएस आवृत्तीच्या कॉलमवर गट पाडून मोजणी करा. १.२ सोडून काही दिसलं, तर त्याच ओळींमधले कॉलर आयपी (जोडणाऱ्याचा पत्ता) आणि यूजर एजंट (जोडणाऱ्या प्रोग्रामची ओळख) हे कॉलम काढा. आयपीला पोर्ट चिकटून येतो, त्यामुळे तो कापल्याशिवाय गट पाडला तर एकच सर्व्हर शेकडो ओळींत विखुरतो. यूजर एजंट जास्त कामाचा. डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग प्लॅटफॉर्मची जुनी स्टोरेज लायब्ररी 'डब्ल्यूए-स्टोरेज' नावाने ओळख देते, नवी 'एझेडएसडीके' नावाने. लॉग किमान ३५ दिवस चालू ठेवा. महिनाअखेरीलाच चालणारे जॉब सात दिवसांच्या लॉगमध्ये सापडत नाहीत.

सगळ्यात जास्त गुंता डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये असतो. ४.५.२ पर्यंत डिफॉल्ट एसएसएल ३.० (टीएलएसच्या आधीचा प्रोटोकॉल) आणि टीएलएस १.० असा होता. ४.६ पासून १.२ डिफॉल्टमध्ये आलं आणि ४.७ पासून निवड ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवली गेली. आता गोम अशी, की सर्व्हरवर ४.८ बसवलेलं असतं, प्रोजेक्ट ४.७.२ साठी बिल्ड होतो आणि तरीही कनेक्शन १.० वर जातं. अशा वेळी वेब कॉन्फिग ही वेबसाइटची सेटिंग फाइल उघडा. त्यात टार्गेट फ्रेमवर्क दोन ठिकाणी लिहिलेलं असतं, एकदा कंपायलेशनच्या टॅगमध्ये आणि एकदा एचटीटीपी-रनटाइमच्या टॅगमध्ये. एएसपी डॉटनेट, म्हणजे वेबसाठीचं डॉटनेट, सुसंगततेचे नियम दुसऱ्यावरून ठरवतं. तिथे ४.५ असेल, किंवा तो गुणधर्मच नसेल, तर जुने डिफॉल्ट लागतात. तो ४.७.२ करा. मात्र त्यासोबत इतर वागणूकही बदलते, त्यामुळे लॉगिन, फाइल अपलोड आणि फॉर्म व्हॅलिडेशन पुन्हा तपासा.

दुसरी जागा म्हणजे कोडमध्ये हाताने लिहिलेली ओळ. कनेक्शन सांभाळणाऱ्या सर्व्हिस पॉइंट मॅनेजर या डॉटनेट क्लासच्या सिक्युरिटी प्रोटोकॉलला कुणीतरी कधीकाळी टीएलएस १.० नेमून दिलेलं असतं, बऱ्याचदा एसएमएस किंवा पेमेंटच्या मॉड्यूलमध्ये. ही सेटिंग संपूर्ण प्रोसेसला लागू होते. त्यामुळे सकाळी अ‍ॅप पूल (वेबसाइट चालवणारी प्रोसेस) रिसायकल, म्हणजे नव्याने सुरू, झाला की ब्लॉब अपलोड नीट चालतं, दुपारी पहिलं पेमेंट येतं, ती ओळ धावते आणि त्यानंतरचं प्रत्येक नवं कनेक्शन १.० वर जातं. आधी उघडलेली कनेक्शन जिवंत असेपर्यंत चालतात, म्हणून बिघाड मधूनमधून दिसतो आणि नेटवर्कच्या माथी मारला जातो. स्वतःच्या कोडसोबत तिसऱ्यांच्या डीएलएलही (तयार लायब्ररी फाइल) डीकंपाइल करून पाहा. ती ओळ काढून टाकणं सर्वांत चांगलं. तिच्या जागी १.२ 'ऑर' करून, म्हणजे आधीच्या किमतीत मिळवून, जोडलं तर ४.७ च्या पुढे वेगळाच घोळ होतो. तिथे मूळ किंमत शून्य, म्हणजे 'सिस्टिमवर सोपवलेलं' असते. त्यात १.२ मिळवलं की फक्त १.२ उरतं आणि विंडोज सर्व्हर २०२२ वर मिळू शकणारं १.३ बंद होतं.

सोर्स कोडच हातात नसेल तर विंडोजची रजिस्ट्री. डॉटनेट फ्रेमवर्कच्या ४.०.३०३१९ या कीखाली 'एससीएच-यूज-स्ट्राँग-क्रिप्टो' आणि 'सिस्टिम-डिफॉल्ट-टीएलएस-व्हर्जन्स' या दोन डीवर्ड किमती १ करा. हेच वॉव६४३२नोडच्या शाखेतही करा, कारण अ‍ॅप पूलमध्ये ३२-बिट चालू असेल तर तीच शाखा वाचली जाते. मग वर्कर प्रोसेस नव्याने सुरू करा. कोडमधली हाताने लिहिलेली ओळ मात्र या दोन्ही किमतींवर मात करते.

विंडोज सर्व्हर २००८ आर२ वर १.२ असतं, पण क्लायंट म्हणून बंद असतं. एस-चॅनल या विंडोजच्या टीएलएस घटकाच्या रजिस्ट्री कीमध्ये ते चालू करावं लागतं. विनएचटीटीपी ही विंडोजची वेब लायब्ररी वापरणाऱ्या जुन्या घटकांसाठी केबी३१४०२४५ हा अपडेटही लागतो. २०१२ आर२ वर १.२ चालतं, पण आरएसए सर्टिफिकेटसोबतचे ईसीडीएचई-जीसीएम सायफर (एन्क्रिप्शनच्या पद्धती) त्यात नाहीत, त्यामुळे फक्त तेच सायफर मागणाऱ्या इतर सेवांशी हँडशेक (जोडणीची सुरुवातीची बोलणी) तुटतो.

जावा ७ मध्ये क्लायंटचा डिफॉल्ट १.० आहे, जावा ८ मध्ये १.२. पायथनला २.७.९ आणि ओपनएसएसएल या टीएलएस लायब्ररीचं १.०.१ तरी हवंच. ब्राउझर किंवा मोबाइल अ‍ॅप एसएएस लिंकने (मर्यादित परवानगीची लिंक) थेट ब्लॉब उघडत असेल तर अँड्रॉइड ५.० च्या आधीचे फोनही हिशेबात धरा.

एरर वाचताना दोन गोष्टींची गल्लत टाळा. 'सिक्योर चॅनल तयार करता आला नाही' हा संदेश बहुधा प्रोटोकॉल किंवा सायफरकडे बोट दाखवतो. जावात 'पीकेआयएक्स पाथ' असं काही आलं तर तो सर्टिफिकेटचा प्रश्न आहे. स्टोरेजची सर्टिफिकेट्स बाल्टिमोर या जुन्या रूट सर्टिफिकेटवरून डिजिसर्ट ग्लोबल रूट जी२ वर गेली आहेत. ट्रस्ट स्टोअरमध्ये, म्हणजे विश्वासू सर्टिफिकेटांच्या यादीत, जुना रूटच पिन केलेला असेल तर टीएलएसची आवृत्ती कितीही वाढवा, उपयोग नाही.

तपासणीतही एक फसवी जागा आहे. ओपनएसएसएलच्या एस-क्लायंट या चाचणी कमांडने १.१ वर जोडायचा प्रयत्न फसला, म्हणजे सर्व्हरनेच नाकारलं असं धरू नका. ओपनएसएसएल ३ स्वतःच्या डिफॉल्ट सुरक्षा पातळीवर १.० आणि १.१ अडवतं, म्हणजे नकार तुमच्याच लॅपटॉपमधून आलेला असतो. त्या चाचणीपुरती पातळी शून्यावर आणा, मगच सर्व्हरचं खरं उत्तर कळतं.

लॉगमध्ये सलग महिनाभर फक्त १.२ आणि त्यावरचं दिसलं की आधी टेस्ट अकाउंटची किमान आवृत्ती बदला, मग प्रॉडक्शनची. बदल पोचायला ३० सेकंदांपर्यंत लागू शकतात, त्यामुळे लगेच घेतलेल्या चाचणीवर विश्वास ठेवू नका. शेवटच्या तारखेआधी हे केलं तर काही अडलंच तरी सेटिंग मागे घेता येते. नव्या अकाउंटसाठी अ‍ॅझ्युर पॉलिसी (अकाउंटवर नियम लावणारी सेवा) आधी ऑडिटवर, म्हणजे फक्त नोंद घेण्यावर, ठेवा, जुनी स्क्रिप्ट १.० मागून अकाउंट बनवते का ते पाहा आणि ती स्क्रिप्ट दुरुस्त झाल्यावरच पॉलिसी डिनायवर, म्हणजे अडवण्यावर, न्या.