आखाजीचं साल आणि २६ जूनची तारीख

३० एप्रिल, बुधवार. अक्षय्य तृतीया, म्हणजे आमच्या खान्देशातली आखाजी.

सध्याचं कंत्राट आज संपत होतं आणि रिन्यूअलची मेल दुपारी चार वाजता आली. मुदत १ मे ते २६ जून. महिनाअखेर नाही, तिमाहीअखेर नाही, मधलीच कुठली तरी २६ तारीख. मॅनेजरना फोन लावून विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं: त्यांच्या एकट्याच्या सहीने जेवढी रक्कम मंजूर होते, तेवढ्यात माझे इतकेच दिवस बसतात. ३० जूनपर्यंत नेलं की फाइल वरच्या सहीला जाते, आणि तिथून ती कधी खाली येईल याचा भरवसा नाही. माणूस भला आहे. माझं काम थांबू नये म्हणूनच त्यांनी ते चार दिवस कापले.

कंपन्यांसाठी फ्रीलान्स टेक्निकल रायटिंग करताना अशा आडनिड्या मुदती मी पुष्कळ पाहिल्या. आता शेवटची तारीख बघितली की ती कुठून आली असेल याचा अंदाज येतो. फेब्रुवारीत सुरू होऊन ३१ मार्चला संपणारं कंत्राट म्हणजे आर्थिक वर्षाचं उरलेलं बजेट. ३१ डिसेंबर असेल तर बहुधा हिशेब परदेशातल्या मुख्य कार्यालयाच्या वर्षावर चालतो. ‘गो-लाइव्हपर्यंत’, म्हणजे नवी सिस्टिम प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत, असं लिहिलं असेल तर शेवट कोणालाच ठाऊक नसतो. तसलं काम मी दरमहा बिल मान्य असेल तरच घेते.

एकदा बरोबर २६ आठवड्यांचं कंत्राट मिळालं होतं. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, तीच ती मुदत. जिच्या जागी मी गेले, तिने रजेवर जाण्याआधी शेजारी बसून एकेक फाइल समजावून दिली. ती परत आली तेव्हा मधल्या काळातले बदल मी तिला समजावले. पुढे ठेवतील का, हा प्रश्नच नव्हता. त्यामुळे पुढचं काम मी आधीच शोधून ठेवलं होतं, आणि शेवटचा महिनाभर मन कामातच राहिलं. इतक्या शांतपणे मी क्वचितच काम केलं असेल.

आणि कित्येक कंत्राटांत असणारे ते अकरा महिने! याचं मला अजून नवल वाटतं. घरभाड्याच्या करारात हा आकडा आला, कारण १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. पण महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार नोंदवणं बंधनकारक केलं, मुदत कितीही असो. म्हणजे इथे घराच्या बाबतीतही अकरा महिन्यांनी नोंदणी टळत नाही. कंपन्यांचे एचआरवाले सांगतात की माणूस कायमपणाचा हक्क सांगेल, म्हणून अकरा महिने. पण १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून चालत आलेली सलग सेवेची अट बारा महिन्यांत २४० दिवसांची, म्हणजे आठच महिन्यांची. अकरा महिन्यांत ती केव्हाच पूर्ण होते. शिवाय ती कामगारांसाठी आहे, माझ्यासारख्या बिल देणाऱ्या कन्सल्टंटला लागूच नाही. तरी जुना नमुना उघडायचा, नाव बदलायचं आणि अकरा महिने तसेच ठेवायचे, हे चालूच आहे.

सकाळी पितरांची घागर भरली, मग आईचा फोन आला. आम्ही मूळचे अमळनेरकडचे. आईचे वडील सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर मालकाच्या शेतात राबणारे गडी. खान्देशात सालदाराचं वर्ष आखाजी ते आखाजी (मराठवाड्यात सालगड्याचं पाडवा ते पाडवा). वर्षाची रक्कम आणि वर धान्य किती, हे आखाजीला ठरायचं. आई म्हणाली, “आज बाबा नवं धोतर नेसून ओट्यावर बसायचे. कोण बोलवायला येतं याची वाट बघत.” मी विचारलं, जुन्या मालकाने ठेवलं नाही तर? “तर दुसऱ्याचा माणूस यायचा. आज सगळ्यांनाच गडी लागायचा ना.”

हे माझ्या डोक्यात दिवसभर राहिलं. ती पद्धत चांगली होती असं मी अजिबात म्हणणार नाही. लग्नाकार्याला उचल घेतली की ती फिटेपर्यंत त्याच मालकाकडे राबायचं, आणि आजोबांची बरीच सालं तशीच गेली. पण तारीख सगळ्या गावाला माहीत होती. ज्याचं साल सुटलं त्याला त्याच दिवशी दहा दारं उघडी असायची, कारण दहाही मालकांची सालं त्याच दिवशी संपलेली असायची. आमच्यापैकी प्रत्येकाचं कंत्राट वेगळ्याच तारखेला, एकेकट्याचं संपतं. २६ जूनला मी मोकळी झाले तर त्या दिवशी बाजारात माझ्यासाठी काही उघडं असेलच असं नाही.

संध्याकाळी मैत्रिणीशी बोलले. ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. तासाप्रमाणे पैसे, आणि परीक्षा आल्या की नेमणूक संपली. मे-जून कोरडे. पुढचं पत्र कधी निघेल तेव्हा निघेल. हरियाणातल्या तात्पुरत्या शिक्षकांचं असंच होतं: उन्हाळी सुटीआधी काढायचं, सुटी संपली की पुन्हा नेमायचं. १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत मनमानी ठरवली आणि त्या शिक्षकांना सुटीचा पगार द्यायला सांगितलं. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मला मुदत नऊ महिन्यांची चालेल गं. पण जूनमध्ये घेणार आहेत का नाही, ते एप्रिलमध्ये सांगा ना. मी शिकवण्या तरी लावून घेईन.” तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. मुदत आखूड असण्याचा त्रास एकवेळ सोसता येतो. पुढचं न कळण्याने माणूस अडकून पडतो: नवं काम घेता येत नाही आणि जुनं सोडता येत नाही.

त्यातच दोन कंत्राटांमधले दिवस. “कागद येतोय, तुम्ही चालू ठेवा.” काम चालू राहतं, पण नवा पीओ (परचेस ऑर्डर, कंपनीने कामाची ऑर्डर दिल्याचा कागद) नाही म्हणून बिल लावता येत नाही. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या माझ्यासारखीला २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्याने आधार दिलेला आहे: लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे, करार नसेल तर १५ दिवसांत. कागदावर पाहिलं तर कराराशिवायच्या दिवसांचे पैसे लवकर मिळायला हवेत. पण अकाउंट्सच्या सिस्टिममध्ये पीओ नंबरशिवाय बिल शिरतच नाही, आणि सध्याच्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार घेऊन जाणार कोण?

रात्री जेवणानंतर उत्तर लिहिलं. २६ जून मान्य. फक्त दोन ओळी वाढवून मागितल्या. पुढे ठेवणार की नाही ते ५ जूनपर्यंत लेखी कळवावं. आणि नवा पीओ निघायच्या आधी काम करावं लागलं तर ते याच दराने, याच पीओत धरावं. दुसरी ओळ लीगलकडे जाईल आणि तिथे आठवडाभर अडकेल, त्यामुळे तिचा फार आग्रह धरता येणार नाही. पहिली मात्र सोडायची नाही. नाशिकच्या एका कारखान्याचं वापरपुस्तिकेचं काम जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निघणार आहे, आणि त्यांना हो किंवा नाही तेव्हाच सांगावं लागेल.