घंटेचा खांदा

प्रसामान्य (नॉर्मल) वितरणाचा घंटेसारखा वक्र पाहिला की नजर आधी शिखराकडे जाते. शिखर देखणं खरं, पण शक्यता उंचीत नसते, वक्राखालच्या क्षेत्रफळात असते. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, 0.1 असेल तर शिखराची उंची 3.99 भरते. शक्यता 1 च्या वर कशी जाईल? उंचीलाच शक्यता समजणाऱ्याची गाडी इथे अडते.

शिखरापेक्षा खांदा पाहावा. उतरताना वक्राचा बाक जिथे उलटतो, ती जागा सरासरीपासून बरोब्बर एका प्रमाण विचलनावर असते. दोन खांद्यांच्या मध्ये 68.27 टक्के क्षेत्रफळ, दुप्पट अंतरात 95.45, तिप्पट अंतरात 99.73.

गणिती गाउसने 1809 मध्ये हा वक्र खगोल-निरीक्षणातल्या चुकांना लावला, म्हणून त्याचं नाव चिकटलं. पण 1733 मध्येच द म्वाव्हरने नाणेफेकीच्या लांबलचक बेरजांना पर्याय म्हणून तो काढला होता. तेव्हा नाणंच घेऊ. 100 वेळा उडवलं तर 60 किंवा अधिक छापे पडण्याची शक्यता किती? सरासरी 50. प्रचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, 100 × ½ × ½, म्हणजे 25. त्याचं वर्गमूळ 5 हे प्रमाण विचलन. (घाईत 25 नेच भागणारे पुष्कळ.) 60 वजा 50, भागिले 5: झेड, म्हणजे सरासरीपासूनचं अंतर प्रमाण विचलनात मोजून, 2; त्याच्या उजवीकडचं क्षेत्रफळ, म्हणजे उत्तर, 0.0228. बेरजा करून काढलेलं खरं उत्तर मात्र 0.0284. छापे सुटे, वक्र सलग. 60 चा स्तंभ 59.5 लाच सुरू होतो आणि आपण तो मधोमध कापला. 59.5 घ्या, झेड 1.9 येतो आणि उत्तर 0.0287. एवढ्याशा अर्ध्याने केवढा फरक!

झेडवरून क्षेत्रफळ देणाऱ्या कोष्टकात 1.9 समोर कुठे 0.9713 असतं, कुठे 0.4713. दोन्ही बरोबर. पहिलं डावीकडचं सगळं क्षेत्रफळ, दुसरं फक्त मध्यापासूनचं. आकड्यांआधी कोष्टकाच्या डोक्यावरचं छायांकित चित्र पाहावं. ते उगीच छापलेलं नसतं.

‘नॉर्मल’ हे नाव मात्र फसवं. त्यामुळे हा वक्र कशालाही लावायचा मोह होतो. समजा, रांगेत थांबण्याचा सरासरी वेळ 10 मिनिटं आणि प्रमाण विचलन 9. आता 0 मिनिटांचा झेड येतो उणे 1.11, आणि त्याच्या डावीकडे 13 टक्के क्षेत्रफळ. म्हणजे शंभरातल्या तेरा जणांचा नंबर ते रांगेत उभे राहण्याआधीच लागून गेला!