कोरडं गटार

गावच्या सांडपाण्याची पाहणी कशी करायची, याच्या प्रशिक्षणाचा तिसरा दिवस मी गावातल्या सरावासाठी ठेवते. पहिले दोन दिवस वर्गात जातात. मोरीचं, न्हाणीचं, धुण्याभांड्यांचं ते सांडपाणी. शौचालयाच्या टाकीतून बाहेर येणारं मैलापाणी, त्याची नोंद वेगळी. ही गल्लत झाली तर उद्या कुणीतरी विहिरीशेजारच्या शोषखड्ड्यात, म्हणजे पाणी जमिनीत जिरवायच्या खड्ड्यात, मैलापाणी सोडेल, म्हणून एवढं मी सगळ्यांकडून घोकून घेते.

त्या खेपेला 14 जण होते. सात जोड्या पाडल्या आणि वेळ ठरवली 11 ते 1, कारण गाडी तेव्हाच मिळत होती. दुपारी मी त्यांनी भरलेले पाहणीचे अर्ज चाळले. 40 घरांपैकी 31 घरांपुढे ‘पाणी साचत नाही’. गटारातल्या प्रवाहाच्या रकान्यात जवळपास सगळीकडे शून्य.

मी उठून गटाराशी गेले. तळ खरंच कोरडा होता, पण कडेला हिरवंगार शेवाळ धरलं होतं. वरचेवर ओल मिळाल्याशिवाय शेवाळ असं हिरवं राहत नाही. समोरच्या ओट्यावरच्या आजी मघापासून आमच्याकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, “बाई, आता काय दिसणार? धुणीभांडी कधीच उरकली. पाणी बघायचं तर उजाडायच्या आत या.”

मुलांनी दिसलं ते प्रामाणिकपणे लिहिलं होतं. वेळ मी चुकीची ठरवली होती.

मग जिरवण चाचणीचे, म्हणजे मातीत पाणी किती वेगाने मुरतं ते मोजायचे, खड्डे पाहिले आणि धास्तीच बसली. एका जोडीने काळ्या मातीत हातभर खड्डा घेऊन, पाणी ओतून लगेच घड्याळ लावलं होतं. पाणी 25 मिलिमीटर उतरायला 3 मिनिटं. या आकड्यावर कुणीही डोळे झाकून शोषखड्डा मंजूर करेल. पण ते पाणी मातीत मुरलंच नव्हतं, उन्हाने पडलेल्या भेगांत शिरलं होतं. काळी माती पाणी प्यायली की फुगते, भेगा मिटतात आणि मग पाणी जागचं हलत नाही. म्हणून खड्डा आधी रात्रभर भिजवायचा असतो. वर्गात मी हे सांगितलं होतं, फळ्यावर लिहिलंही होतं. पण ऐकणं वेगळं आणि संध्याकाळी घागरी वाहून खड्डा भरणं वेगळं. त्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून खड्डे भरले आणि मुक्काम गावातच केला.

पहाटे साडेपाचला बॅटऱ्या घेऊन निघालो. तेच गटार भरून वाहत होतं. वळणाशी, जिथे उतार संपतो, तिथे पाणी रस्त्यावर पसरलं होतं आणि शाळेकडे जाणारी पायवाट चिखलात गेली होती. तोंडाशी 10 लिटरची बादली धरली, ती 40 सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला 15 लिटर, तेही एकाच आळीचं. आठनंतर धार बारीक होत गेली आणि दहाला थांबली. आदल्या दिवशी आम्ही पोचलो होतो त्याच्या तासभर आधी.

खड्ड्यात खडीच्या थरावर 15 सेंटीमीटर पाणी ठेवून पुन्हा मोजलं. 30 मिनिटांत उतरलं फक्त 9 मिलिमीटर. हिशेबाने 25 मिलिमीटरला 83 मिनिटं. 60 मिनिटांच्या वर गेलं की तिथे पाणी जिरवायचा विचार सोडायचा आणि ते दुसरीकडे नेऊन शुद्ध करायची सोय बघायची. कालचा आकडा लिहिणाऱ्या मुलीने तो खोडला नाही. त्याच्याखाली नवा लिहिला आणि दोन्हींपुढे वेळ टाकली. तिथेच मी अर्जात ‘पाहणीची वेळ’ हा रकाना वाढवला.

दुपारी बसून वेळापत्रक नव्याने मांडलं. संध्याकाळी खड्डे भिजवायचे, पहाटे प्रवाह मोजायचा, घरोघरच्या मुलाखती दुपारनंतर, घरातल्या बायकांना उसंत असते तेव्हा, कारण पाणी कुठे सांडतं ते त्यांनाच माहीत असतं. पाहणीचं सहा दिवसांचं काम नऊवर गेलं. वरिष्ठांना फोन केला, त्यांनी सात दिले. त्या रात्री घरं कमी न करता अर्जातले 53 प्रश्न 29 वर आणले. बादली आणि घड्याळ तसंच ठेवलं.