देशाची लाट ओसरली, मग कोल्हापूर चौथ्या स्तरात कसं?

6 मे 2021 ला देशात एका दिवसात कोरोनाचे 4 लाख 14 हजारांवर नवे रुग्ण नोंदले गेले. तो दुसऱ्या लाटेचा कळस. महाराष्ट्राचा कळस त्याआधी, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातच येऊन गेला होता. तरी जूनमध्ये कोल्हापूर निर्बंधांच्या चौथ्या स्तरात होतं (स्तर पाच, पहिला सर्वांत सैल, पाचवा सर्वांत कडक), आणि महाद्वार रोडपासून राजारामपुरीपर्यंत एकच प्रश्न: बाकीचे उघडले, आम्हीच का बंद?

देशाचा आलेख ही सातशेहून जास्त जिल्ह्यांची बेरीज असते. ही लाट फेब्रुवारीत अमरावती-अकोल्याकडे उठली, मग पुणे-मुंबई-नागपूर, आणि आपल्याकडे उशिरा. उशिरा चढलेलं उशिराच उतरणार.

7 जूनपासून स्तर दोन गोष्टींवर ठरू लागले: बाधितांचं प्रमाण (शंभर चाचण्यांत किती बाधित) आणि भरलेले ऑक्सिजन बेड. प्रमाण 10 ते 20 टक्के किंवा बेड 60 टक्क्यांवर भरलेले, की चौथा स्तर.

पण हे प्रमाण फसवतं. समजा आठवड्यात 1000 चाचण्या झाल्या. 600 आरटीपीसीआर (प्रयोगशाळेतली चाचणी), त्यात 15 टक्के बाधित म्हणजे 90; 400 अँटिजेन (जागेवरची झटपट चाचणी), त्यात 5 टक्के म्हणजे 20. एकूण 110, म्हणजे 11 टक्के. पुढच्या आठवड्यात साथ तेवढीच, पण आरटीपीसीआर 200 आणि अँटिजेन 800. आता 30 आणि 40, मिळून 70. सात टक्के! बेड 60 टक्क्यांच्या आत असतील, तर एकही माणूस बरा न होता जिल्हा तिसऱ्या स्तरात. अँटिजेनमध्ये विषाणू कमी असलेले रुग्ण निसटतात, शिवाय रस्त्यावर सरसकट तपासलेल्यांत लक्षणं नसलेलेच जास्त. लक्षणं असून अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करायचीच असा तेव्हा नियम होता, तो याचसाठी. राज्याने 25 जूनच्या आदेशात फक्त आरटीपीसीआरचं प्रमाण धरायला सांगितलं. माझ्या मते ते पहिल्या दिवसापासून हवं होतं.

बेडचंही तसंच. नवे बेड वाढवले की टक्का उतरतो, रुग्ण तेवढेच राहतात. म्हणून टक्क्याबरोबर दाखल रुग्णांची संख्या मागायची.

एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरवू नये. रविवारी चाचण्या कमी, म्हणून सोमवारचा आकडा खाली दिसतो. सात दिवसांची सरासरी काढावी. मृत्यू बाधेनंतर दोन-तीन आठवड्यांनी दिसतात, आणि त्या जूनमध्ये तर राज्याच्या आकड्यांत आधीच्या आठवड्यांचे राहिलेले मृत्यूही मिसळले जात होते. आकडा एकदम उसळला की तो कोणत्या तारखांचा, हे आधी विचारायचं.